तीन दिवसांच्या साठवणुकीचे लेखी आश्वासन आणि त्याच कारणाने नाकारलेली हमी

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सौर यंत्रणा विक्री व उभारणी कंपनी, पुणे.

विषय : ऑफ-ग्रिड (वीजवाहिनीला न जोडलेल्या) सौर यंत्रणेत बिलापेक्षा वेगळा बसवलेला चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण), अपुऱ्या बॅटऱ्या व नाकारलेली हमी यांबाबत तक्रार.

संदर्भ : १) आपले दरपत्रक, दि. १४ फेब्रुवारी २०२५
२) आपले बिल व हमीपत्र, दि. १२ मार्च २०२५
३) आपला ई-मेल, दि. ६ ऑक्टोबर २०२५

महोदय,

आपल्या कंपनीने १२ मार्च २०२५ रोजी माझ्या घरी बसवलेल्या सौर यंत्रणेच्या दोन्ही बॅटऱ्या सात महिन्यांच्या आत निकामी झाल्या असून, ‘ग्राहकाच्या अतिवापरामुळे बॅटरी मर्यादेपेक्षा खाली उतरली, सबब हमी लागू होत नाही’ असे आपण संदर्भ क्रमांक ३ च्या ई-मेलने मला कळवले आहे. हे कारण मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे आपल्याच कागदांच्या आणि माझ्या नोंदवहीच्या आधारे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम घराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या ई-मेलवरून ते कोठे आहे याची आपल्या कार्यालयास कल्पना नसावी असे वाटते. ठोसेघरहून चाळकेवाडीकडे जाताना सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठाराच्या, उतारावर दगडी जोत्यावर बांधलेले दोन खोल्यांचे लाकडी घर आहे आणि सेवानिवृत्तीनंतर मी व माझी पत्नी तेथे बाराही महिने राहतो. महावितरणचा शेवटचा खांब घरापासून सव्वा किलोमीटरवर आहे. वरच्या सड्यावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि खिडकीतून त्यांची पाती फिरताना दिसतात, परंतु त्यांची वीज उच्चदाब वाहिनीने परस्पर निघून जाते, त्यामुळे आमच्या घराला तिचा उपयोग फक्त पाहण्यापुरता. म्हणूनच पूर्णपणे सौर विजेवर चालणारी यंत्रणा घेण्याचा निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतला आणि त्यापोटी आपणांस १,४६,५०० रुपये दिले. आपल्या प्रतिनिधींनी जागेची पाहणी केली तेव्हा पावसाळ्यात येथे आठ-आठ दिवस धुके हटत नाही, हे मी त्यांना सांगितले होते. पावसाळ्यात ऊन नसले तरी वारा भरपूर असतो, तेव्हा जोडीला लहान पवनचक्की बसवावी का, असेही मी विचारले होते. ‘गरज नाही, तीन दिवसांचा बॅकअप देतो आहोत,’ असे उत्तर मिळाले आणि तेच वाक्य दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर छापील स्वरूपात आहे.

माझी तक्रार मुख्यतः या तीन दिवसांविषयी आहे. दरपत्रकासोबतच्या आपल्या लोड शीटमध्ये आमच्या घराचा दैनंदिन वापर १.१ युनिट धरला आहे. त्यात ९ वॅटचे चार एलईडी दिवे, लहान फ्रिज, मोबाईल व लॅपटॉपचे चार्जिंग आणि टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप वीस मिनिटे, एवढेच आहे आणि आमचा वापरही एवढाच आहे. तीन दिवसांचे ३.३ युनिट होतात. आपण दिलेल्या बॅटऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या दोन असून त्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची यंत्रणा केली आहे. त्यांची एकत्रित साठवण, नव्याकोऱ्या आणि पूर्ण भरलेल्या असताना, ३.६ युनिट होते. म्हणजे तीन दिवसांचे आश्वासन पाळायचे झाले तर बॅटरीतील ९२ टक्के वीज बाहेर काढावी लागते. दुसरीकडे, आपल्याच शिक्क्याच्या हमीपत्रातील सहावे कलम सांगते की, क्षमतेच्या ५० टक्क्यांहून अधिक वीज वारंवार काढल्यास हमी रद्द समजावी. जे वचन देऊन आपण यंत्रणा विकली, ते वचन ग्राहकाने वापरले की हमी जाते, असा या दोन कागदांचा एकत्रित अर्थ निघतो. हे दोन्ही कागद आपणच मला दिलेले आहेत.

शिवाय लोड शीटमध्ये एक गोष्ट मुळातच धरलेली नाही. इन्व्हर्टर नुसता चालू असला, घरातील एकही दिवा लागलेला नसला, तरी तो स्वतःसाठी वीज घेतो. आपल्या माहितीपुस्तिकेनुसार हा आकडा १६ वॅट आहे. चोवीस तासांचे हे ०.३८ युनिट होतात, म्हणजे चारही दिव्यांना मिळून लागतात त्याच्या दुप्पट. फ्रिजमुळे इन्व्हर्टर रात्री बंद ठेवता येत नाही. हा खर्च धरला तर तीन दिवसांची गरज बॅटरीच्या संपूर्ण क्षमतेपेक्षाही अधिक होते, आणि जी यंत्रणा कागदावरसुद्धा पुरत नाही ती सड्यावरच्या जुलैमध्ये कशी पुरावी?

आता अतिवापराच्या आरोपाविषयी. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असून त्यातील बहुतेक वर्षे पर्जन्यमापकाच्या आणि पाणीपातळीच्या नोंदी ठेवण्यात गेली. ती सवय सुटलेली नाही. इन्व्हर्टरच्या पुढे मी स्वखर्चाने एक लहान युनिट मीटर बसवला असून, यंत्रणा सुरू झाल्यापासून रोज सकाळी सहा वाजता बॅटरीचा दाब (व्होल्टेज) आणि आदल्या दिवसाचा वापर नोंदवहीत लिहिला जातो. १४ जुलै रोजी सकाळी दाब २४.६ व्होल्ट होता आणि त्या दिवशीचा वापर १.०२ युनिट झाला. १५ जुलैला दाब २३.९ व वापर ०.९६ युनिट. १६ जुलैला दाब २३.१ झाल्यावर आम्ही पंप लावलाच नाही, ओढ्यावरून कळशीने पाणी आणले आणि रात्री एकच दिवा ठेवला. वापर ०.७१ युनिट. त्याच रात्री, म्हणजे १७ जुलैच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी इन्व्हर्टर शिटी मारून बंद पडला. तीन दिवसांपैकी एकाही दिवशी आमचा वापर आपण धरलेल्या १.१ युनिटपर्यंत पोहोचला नव्हता. मार्च ते सप्टेंबर या संपूर्ण काळातही तो आकडा केवळ चार वेळा ओलांडला गेला आणि ते चारही दिवस एप्रिल-मे महिन्यांतील, लख्ख उन्हाचे आहेत.

फ्रिजमध्ये माझ्या पत्नीचे इन्शुलिन असते. त्या पहाटे टॉर्चच्या उजेडात ती कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवली. सड्यावरच्या गारव्यामुळे औषध वाचले, त्याचे श्रेय यंत्रणेला देता येणार नाही. त्यानंतर जुलै व ऑगस्टमध्ये मिळून अकरा दिवस भाड्याने जनरेटर आणून चालवावा लागला. पेट्रोलचा डबा साताऱ्याहून घाटाने वर न्यायचा आणि त्याच्या आवाजात जेवायचे, हे टाळण्यासाठीच तर सौर यंत्रणा घेतली होती.

यावर, बॅटरी इतकी खाली जाऊ देण्याआधी ग्राहकाने वापर थांबवायला हवा होता, असे आपण म्हणू शकाल. परंतु बॅटरी कोठे थांबवायची हे ठरवणारी व्यवस्था इन्व्हर्टरमध्येच असते. आपल्या माणसांनी ती मर्यादा २१ व्होल्टवर ठेवलेली आहे, म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत इन्व्हर्टर तिच्यातून वीज ओढतच राहतो. निम्म्यावर थांबवायचे तर ती २४ व्होल्टच्या आसपास हवी होती. मी ती बदलण्याचा प्रयत्न केला तेव्हा पासवर्ड विचारला गेला. तो आपण ग्राहकाला देत नाही असे आपल्या हेल्पलाइनवर सांगण्यात आले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. दरपत्रकात आणि बिलात ‘एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, ४० अँपिअर’ असे लिहिले असून त्याची किंमत स्वतंत्र दाखवली आहे. १२ ऑक्टोबर रोजी भर दुपारी, निरभ्र आकाश असताना, साताऱ्यातील एका अनुभवी वायरमनने माझ्यासमोर क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्यातील प्रवाह मोजणारे उपकरण) लावून मोजणी केली. त्या वेळी पंप आणि फ्रिज दोन्ही चालू ठेवले होते. पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत २८.४ अँपिअर आणि कंट्रोलरमधून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीत २८.३ अँपिअर प्रवाह मिळाला. दोन्ही बाजूंचा दाब २६.२ व्होल्टच्या जवळपास होता. पॅनेलच्या मागील पाटीवर मात्र कमाल वीज मिळण्याचा दाब ३७.८ व्होल्ट असा छापलेला आहे. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सोयीच्या दाबावर चालवतो आणि जादा दाबाचे प्रवाहात रूपांतर करतो, त्यामुळे बॅटरीच्या बाजूला अधिक अँपिअर दिसले पाहिजेत. दोन्ही बाजूंना सारखाच प्रवाह आणि सारखाच दाब असेल तर तो कंट्रोलर पीडब्ल्यूएम, म्हणजे असे रूपांतर न करणाऱ्या साध्या प्रकारचा असतो. त्यानंतर वायरमनने कंट्रोलरच्या दर्शनी भागावरील आपल्या कंपनीचे स्टिकर ओल्या फडक्याने अलगद उचलले, तेव्हा खाली उत्पादकाने स्वतः छापलेली ‘पीडब्ल्यूएम’ ही अक्षरे दिसली. त्या क्षणाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. हे स्टिकर तेथे नेमके कोणी व कशासाठी लावले, याचा खुलासा आपल्याकडून अपेक्षित आहे.

या अदलाबदलीचा परिणाम साधा आहे. उन्हात पॅनेल तापल्यावर त्याचा दाब काहीसा उतरतो हे धरले, तरीही पॅनेल देऊ शकत असलेल्या विजेपैकी जवळपास पाव हिस्सा बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात धुके तासाभरासाठी फाटते तेव्हा त्या तासाभरात मिळेल तेवढे भरून घ्यायचे असते आणि नेमका तेव्हाच हा पाव हिस्सा नडतो. अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस राहिल्यामुळे प्लेटांवर सल्फेट बसून घट्ट होते व बॅटरी कायमची बाद होते, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको. दिवाळीच्या आठवड्यात, सलग चार दिवस कडक उन्हात चार्ज करूनही हायड्रोमीटरवर (बॅटरीतील आम्लाची घनता मोजणारे उपकरण) दोन्ही बॅटऱ्यांच्या बाराही सेलचे माप ११६० च्या वर गेले नाही आणि एका सेलमध्ये ते १०९० मिळाले. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते १२५० च्या आसपास असायला हवे. डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पाहून भरले आहे, त्याच्याही तारखा नोंदवहीत आहेत.

आपला तंत्रज्ञ २६ सप्टेंबरला आला होता. त्याच्याकडे हायड्रोमीटर नव्हता आणि क्लॅम्प मीटरही नव्हता. त्याने इन्व्हर्टरचा पडदा उजळून त्याचे मोबाईलवर दोन फोटो काढले, चहा घेतला आणि वीस मिनिटांत तो परतला. त्या दोन फोटोंवरून आपण अतिवापराचा निष्कर्ष काढला असेल तर तो निष्कर्ष पुन्हा तपासावा. मार्च महिन्यात उभारणीसाठी आलेल्या दोन मुलांविषयी मात्र माझी काहीही तक्रार नाही. पन्नास किलोंहून जड असलेली एकेक बॅटरी त्यांनी बांबूला बांधून पायवाटेने वर आणली, आणि पॅनेलचा सांगाडा त्यांनी असा बसवला की सड्यावरच्या वाऱ्यात त्याचा एक नटसुद्धा ढिला झालेला नाही.

‘बॅटरीच्या हमीसाठी उत्पादकाशी संपर्क साधावा’ असेही आपण ई-मेलच्या शेवटी सुचवले आहे. मी उत्पादकाला एक रुपयाही दिलेला नाही. पैसे आपल्या खात्यात जमा झाले, बिल आपले आहे आणि हमीपत्रावर सही-शिक्काही आपलाच आहे.

दरपत्रकाच्या तळाशी ‘पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान’ अशी ओळ आहे, तिचाही येथे उल्लेख करतो. ती योजना वीजवाहिनीला जोडलेल्या छतावरील यंत्रणांसाठी आहे, आमच्यासारख्या ऑफ-ग्रिड घराला ती लागू नाही, हे मला नंतर समजले. आधी चौकशी न करणे ही माझी चूक, म्हणून त्यापोटी मी काही मागत नाही. पण ऑफ-ग्रिड ग्राहकाला द्यायच्या दरपत्रकावरून ती ओळ आपण काढून टाकावी.

माझ्या मागण्या लेखी दिलेल्या गोष्टींच्या पलीकडे जात नाहीत. बिलात लिहिलेला एमपीपीटी कंट्रोलर बसवून द्यावा. निकामी झालेल्या दोन बॅटऱ्यांच्या जागी त्याच क्षमतेच्या चार नव्या बॅटऱ्या द्याव्यात, कारण चार बॅटऱ्यांची साठवण ७.२ युनिट होते आणि आपण धरलेले ३.३ युनिट तेव्हाच कुठे हमीपत्रातील निम्म्याच्या मर्यादेत बसतात. हे जादा मागणे नाही, तीन दिवसांच्या आश्वासनासकट जी किंमत आपण घेतली तिच्यातच ते आलेले आहे. इन्व्हर्टरची बंद होण्याची मर्यादा योग्य ठिकाणी आणून पासवर्ड मला लेखी द्यावा. जनरेटरचे भाडे, पेट्रोल आणि वायरमनची मजुरी मिळून ८,९४० रुपये झाले आहेत, पावत्या सोबत आहेत, ती रक्कम परत करावी. यंदा मे महिन्याच्या अखेरीसच पाऊस सुरू झाला हे खरे असले तरी ते कारण आपण पुढे करू नये. बॅटऱ्या जुलैमधील धुक्यात बाद झाल्या आणि ते धुके येथे दर वर्षी असते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सातारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. आपले कार्यालय पुण्यात असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची तरतूद या कायद्यात आहे. बदललेला कंट्रोलर आहे त्याच जागी, स्टिकर उचललेल्या स्थितीत ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ पाहणीस येणार असल्यास त्याने हायड्रोमीटर व क्लॅम्प मीटर घेऊन यावे आणि आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे साताऱ्याहून वायरमनलाही बोलावून ठेवता येईल.

कळावे,

आपला ग्राहक,
ठोसेघर परिसर, ता. जि. सातारा

सोबत : दरपत्रक, लोड शीट, बिल व हमीपत्र यांच्या प्रती; नोंदवहीतील मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांची पाने; कंट्रोलरची व मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे; खर्चाच्या पावत्या.