हर्णैच्या मावशींना जाहीर आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटोपल्यावर टोपली खाली ठेवता ठेवता तुम्ही विचारलंत, "बंदी तर सगळ्यांनाच. मग एकीच्या घरी उधारी चढते नि दुसरीच्या नाही, ते कसं?" पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत घरांवर देणं का चढतं, हा आमचा अभ्यास. या एका प्रश्नाने त्याची संकल्पनात्मक चौकट, म्हणजे कशाचा परिणाम कशावर होतो हे चौकोन-बाणांनी दाखवणारी आकृती, सावरली. चौकट आखणाऱ्या इतरांच्याही कामी यावं म्हणून हे आभार तपशिलासह, उघडपणे.

आमच्या आकृतीत डावीकडे 'मासेमारीबंदी', उजवीकडे 'घरावरचं देणं' आणि मध्ये बाण. पण १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी बंदरातल्या सगळ्या यांत्रिक होड्यांना सारखीच. जे बदलतच नाही, त्यावरून घराघरांतला फरक कळणार कसा? बंदी ही पार्श्वभूमी. तिला चल, म्हणजे घरागणिक बदलणारी गोष्ट, म्हणणं हीच चूक. बदलतं काय, ते तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत: मे महिन्यात सुकवून ठेवलेली मासळी, जुनं देणं, मुंबईच्या चाकरमान्याचे पैसे.

सुक्या मासळीचा साठा हा आता स्वतंत्र चल आहे. तो टोपल्यांत मोजला की फसगत होते. टोपली लहान-मोठी असते, शिवाय किलोभर सोडे आणि किलोभर जवळा यांच्या भावात केवढं अंतर! म्हणून प्रत्येक प्रकार वेगळा तोलायचा आणि ३१ मेच्या भावाने रुपयांत मांडायचा. साठा असला की पावसाळ्यात विक्री चालू राहते, विक्री चालली की उधारी टळते. म्हणून 'विक्रीचे दिवस' हा मध्यस्थ चल, दोघांच्या मधे.

चाकरमान्याचे पैसे मात्र या वाटेवर बसत नाहीत. ते साठ्यातून येत नाहीत. पण ते येत असतील तर साठा कमी पडूनही देणं वाढत नाही. हा नियामक चल, म्हणजे दुसऱ्या दोन गोष्टींमधला संबंध कमी-जास्त करणारा. त्याचा बाण चौकोनाला नाही, साठ्याकडून देण्याकडे जाणाऱ्या बाणाला टेकवायचा. मध्यस्थ आणि नियामक यांची इथेच गल्लत होते, आणि मग पुढचं सगळं विश्लेषण भलतंच उत्तर देतं.

देण्याचा बाण उलटाही फिरतो. जुनं देणं असलेली बाई मे महिन्यातच मासळी व्यापाऱ्याला देऊन मोकळी होते. साठा उरतच नाही. त्यामुळे देणं दोनदा विचारायचं, ३१ मेला आणि ३१ जुलैला. दिवाळीत एकदाच विचारलं तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे वेगळं काढता येत नाही.

तुमचा प्रश्न नव्या आकृतीच्या डोक्यावर तुमच्याच शब्दांत लिहिला आहे. मेअखेरीस वजनकाटा घेऊन येतो. पहिल्यांदा तुमचे सोडे तोलू.

तुमचे,
अभ्यासगटातले सगळे