नेपाळ आणि आपली लाडकी ढगफुटी

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला नेपाळमधल्या पुरांवरचा लेख वाचला. त्यात ‘ढगफुटी’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. हवामान खात्याच्या लेखी वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तरच ती ढगफुटी. मराठवाड्यात ओढ्याला पूर आला तरी आपण हाच शब्द वापरतो, ते एक वेळ सोडा. पण १६ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या एव्हरेस्ट भागातल्या थामे गावातली शाळा आणि आरोग्य केंद्र वाहून गेले, ते वरचे थ्यान्बो हिमसरोवर फुटल्यामुळे.

ओळखायची खूण साधी आहे. पावसाचा पूर असेल तर आजूबाजूचे सगळे ओहोळ गढूळ होतात. सरोवर फुटले की मुख्य नदी चिखलाच्या रंगाची, मोठमोठे धोंडे लोटत येते आणि तिला मिळणारे शेजारचे ओढे मात्र नितळच राहतात. याच गावाजवळ ४ ऑगस्ट १९८५ ला बर्फाचा कडा दिग छो सरोवरात कोसळला, लाट हिमोढावरून (हिमनदीने आणून टाकलेला, सरोवर अडवणारा ढीग) उसळली आणि पूर्ण होत आलेला नामचेचा वीजप्रकल्प गेला. पर्जन्यमापकावर भोंगे जोडून अशा पुराची वर्दी मिळत नाही. सरोवराची पातळी मोजावी लागते. तीही कुठल्या सरोवराची? २०२० मध्ये काढलेल्या ४७ धोकादायक सरोवरांच्या यादीत थ्यान्बो नव्हतेच.

यावर लेखकांचा उपाय: ‘सरोवरे वेळीच रिकामी करावीत.’ वा! गच्चीवरची टाकी धुवायला काढावी तशी? हिमोढ म्हणजे काही धरणाची भिंत नव्हे. तो दगडगोटे, रेती यांचा सैल ढीग, आणि पुष्कळदा पोटात बर्फ. तो बर्फ वितळला की ढीग खचतो. त्यात घाईने चर खणला तर वाहते पाणीच चर खात जाते आणि जो पूर टाळायचा तोच आपल्या हाताने आणला जातो. म्हणून आधी चर दगडांनी पक्का बांधायचा, तोंडाशी झडप बसवायची, मग पाणी बेताबेताने सोडायचे. हे सगळे पाच हजार मीटरवर, जिथे सामान नेणे हेच मोठे काम. २०१६ मध्ये इम्जा सरोवराची पातळी अशी ३.४ मीटर उतरवली. त्याची खोली दीडशे मीटरच्या घरात आहे! छो रोल्पा सरोवरात २००० साली ३ मीटर उतरवले. तज्ज्ञांनी सांगितले होते १५ ते २० मीटर.

गंमत म्हणजे सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस नेपाळात खरोखरच अतोनात पाऊस झाला, तर तिथे लेखकांना पाऊस दिसला नाही. ‘नेपाळने पाणी सोडल्याने बिहार बुडाला’ म्हणे. कोसी नदीवरचा बराज, म्हणजे दारांचा बंधारा, उभा आहे नेपाळात, पण १९५४ च्या करारानुसार त्याची ५६ दारे उघडतात-मिटतात बिहारच्या जलसंपदा खात्याचे लोक. त्यात पाणी साठवायची सोय नाही. ६.६१ लाख क्युसेक आले, तेवढे पुढे गेले.

आणि हो, ‘एव्हरेस्टच्या कुशीत’ या ओळीखाली छापलेले शिखर अमा दबलम आहे. गळ्यात ताईत घालावा तशी छातीवर लोंबणारी हिमनदी फोटोत स्वच्छ दिसते. एव्हरेस्ट त्या फोटोत कुठेच नाही.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, सातारा