गराजमधला तो खोका फेकू नका: क्वेककॉनच्या पहिल्या वर्षांसाठी आवाहन

डॅलस परिसरातल्या सर्व मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

१९९६ च्या जूनमध्ये ‘क्वेक’ हा संगणकावरचा खेळ आला आणि ऑगस्टमध्ये आपल्या गार्लंडमधल्या एका हॉटेलात त्याच्या चाहत्यांचा पहिला मेळावा भरला. तोच क्वेककॉन. आयआरसीवर, म्हणजे त्या काळच्या इंटरनेटवरच्या गप्पांच्या कट्ट्यावर, रोज गप्पा मारणाऱ्या काही जणांनी ठरवलं, एकदा प्रत्यक्ष भेटू. ज्याने त्याने आपला संगणक घेऊन यायचं. प्रसिद्धी म्हणाल तर एकाने दुसऱ्याला कळवायचं, एवढीच. खेळ बनवणारी इड सॉफ्टवेअर शेजारच्या मेस्किटमध्येच होती, हे टेक्ससचं भाग्य. आज क्वेककॉनला हजारोंनी लोक येतात, पण मेळावा अजूनही स्वयंसेवकांच्याच खांद्यावर उभा आहे.

एवढं ओझं वाहून का जायचं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. तेव्हा घरी फोनच्या तारेवरचा मोडेम. बंदूक आत्ता झाडली तरी गोळी उशिराच लागायची, तोवर समोरचा पसार. एका खोलीत, एका केबलवर आलात की खेळ खरा वेगवान व्हायचा. त्या काळची स्वस्तातली नेटवर्क केबल टीव्हीच्या केबलसारखी जाड असे आणि तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाचं बोटाच्या पेराएवढं टोपण लावावं लागे. ते एक निघालं की अख्खी रांग बंद! मग सगळे टेबलाखाली रांगत ते शोधणार. आमच्या एका सभासदाकडे असा एक टर्मिनेटर अजून आहे. त्याच्याच डब्यात पुठ्ठ्याचा एक बिल्लाही निघाला, मार्करने टोपणनाव लिहिलेला. त्या बिल्ल्यामुळेच जुन्या वस्तू जमवण्याचं हे काम सुरू झालं.

नव्वदच्या दशकात रिचर्डसनच्या टेलिकॉम कंपन्यांत आपली बरीच मंडळी आली. त्यांतले काही जण मॉनिटर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून या मेळाव्यांना गेले होते. त्या दिवसांच्या वस्तू आता गराजमध्ये पडून आहेत आणि घरं बदलताना कचऱ्यात जात आहेत. फ्लॉपी आणि घरी बर्न केलेल्या सीडी तर नुसत्या ठेवूनही खराब होतात, त्यामुळे घाई आहे.

आम्ही सात-आठ जण हे सगळं गोळा करून स्कॅन करतो आहोत. फोटो, बिल्ले, पत्रकं, टी-शर्ट, व्हिडिओ टेप, खेळांच्या नोंदी असलेल्या डिस्क, काहीही चालेल. मूळ वस्तू परत हवी असेल तर प्रत काढून परत देऊ. जुना फ्लॉपी ड्राइव्ह किंवा चालू स्थितीतला जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर कोणाकडे असेल तर फारच उपयोग होईल. चांगले खोके, स्कॅनिंग आणि साठवण यांचा खर्च सध्या आम्ही खिशातून करतो. जमेल तेवढा हातभार लावा, पाच डॉलरही मोलाचे आहेत. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल. आणि शनिवारी दोन तास येऊन स्कॅनरवर बसणारं कोणी मिळालं, तर आम्हाला पैशांपेक्षाही जास्त आनंद होईल.

मंडळाच्या मासिक कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी आमची पेटी असते, तिथे आणून द्या. फोटोतल्यांची नावं किंवा साल आठवत नसेल तरी आणा. फोटोमागे पेनाने काही लिहू नका. कोण कोण आहे ते आपण एकत्र बसून ओळखू.