चि. बाळास

माणगाव, सोमवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा बोलता बोलता मीच फोन आदळला. अमेरिकेच्या सैन्यभरतीच्या कागदांवर सही करून मग घरी कळवायचे, ही रीत आपल्याकडे तुझ्या पणजोबांनीच पाडली आहे, तेव्हा त्यावर मी आता बोलत नाही.

तू पहिल्या महायुद्धातल्या ज्या मायकेल व्हॅलेंटेचा दाखला दिलास, त्याच्याविषयी मी दोन दिवस वाचत होतो. इटलीतल्या कॅसिनो गावाच्या बाजूचा हा मुलगा अमेरिकेत आला, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गहून फौजेत गेला आणि 107व्या इन्फन्ट्री या पायदळ पलटणीबरोबर फ्रान्सला पोचला. 1918 च्या मे महिन्यात परदेशी शिपायांना लवकर नागरिकत्व देणारा कायदा झाला होता, म्हणजे तुझे ग्रीन कार्डाचे गणित काही नवे नाही. 29 सप्टेंबरला हिंडेनबर्ग लाइनवर, म्हणजे जर्मनांच्या तटबंदीवर, मशीनगनच्या माऱ्यापुढे सगळे अडून पडले, तेव्हा तो स्वतःहून पुढे झाला. एका सोबत्याला घेऊन त्याने एक मशीनगन बंद पाडली व पाच जण पकडले, शेजारची दुसरीही बंद पाडली आणि थेट खंदकात उडी घेऊन आणखी सोळा जण धरले. पुढे तो जखमी झाला. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे त्यांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाले ते 1929 मध्ये. तुला त्यात पदक दिसते. मला 'स्वतःहून' एवढाच शब्द दिसतो. हे सारे वाचून दाखवल्यावर तुझ्या आईने एकच विचारले, "वाचला का तो?" 1976 पर्यंत जगला, असे सांगितले तेव्हा ती उठून आत गेली.

त्याच कॅसिनोखालची गारी नदी 1944 च्या मे महिन्यात आठव्या इंडियन डिव्हिजनने ओलांडली. त्या डिव्हिजनच्या मराठा पलटणीत तुझे पणजोबा होते. त्यांचा नंबर कोरलेला जेवणाचा डबा अजून आपल्या फडताळात आहे, आई त्यात खडेमीठ ठेवते. इटलीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. आपल्याच तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलैमध्ये तिकडेच, सगळे सोबती पडल्यावर, एकटे मशीनगनवर धावून गेले. वय बावीस. त्यांचा पुतळा तुला खांद्यावर बसवून मीच दाखवला होता, आणि "हे कोण?" असे तू विचारल्यावर छाती फुगवून मीच सांगितले होते. आता कोणाला बोल लावू?

नेमून दिलेले काम चोख कर, त्यात कमी पडू नकोस. मात्र "कोण जातो?" असे कोणी विचारले, तर पहिला हात तुझा नसावा. हे बापाने लिहू नये, कळते मला. शिवाय तुला शाळेपासून ओळखतो, हात तुझाच वर जाणार. पुन्हा तेच लिहू लागलो, माफ कर.

ताई सांगत होती की प्रशिक्षणाला गेल्यावर सुरुवातीला फोन जवळ ठेवू देत नाहीत. निघण्याआधी रविवारी फोन कर. या वेळी मीच उचलीन.

तुझा,
बाबा