हंड्यामुळे नाही, आई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मायना तुम्ही शिकवलेलाच आहे, अक्षर मात्र बिघडलंय. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मांडीवर वही घेऊन लिहितेय. आज ७८वा दिवस. सकाळी पोरीचं वजन भरलं १ किलो ९१० ग्रॅम. परवा घरी सोडणार आहेत.

फोनवर मी रोज ‘बरंय’ एवढंच म्हणायचे. ते खरं नव्हतं. आता सांगते.

डोहाळजेवणाची हिरवी साडी पिशवीतच राहिली आणि २६व्या आठवड्यात दोघं आली. ती ८२० ग्रॅमची, तो ७६०. मांडी माझ्या अंगठ्याएवढी, कातडीतून शिरा दिसायच्या. फुप्फुसं पिकायला मला दोन इंजेक्शनं द्यायची होती, एकच देता आलं. आपण श्वास सोडला की फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक लेप असतो. तो यांच्यात तयारच झाला नव्हता. मग घशातून नळी घालून तसंच पांढरं औषध दोघांच्या फुप्फुसांत सोडलं. शिवाय कॅफीन. बाबा, तुमच्या चहातलंच! एवढी लहान बाळं श्वास घ्यायचं विसरतात, म्हणून ते रोज द्यायचं.

पाचवीच्या रात्री तू घरी पाटा-वरवंटा पुजलास. सटवाई येते आणि कपाळावर लिहिते म्हणतात. इथे रात्रपाळीची सिस्टर दर तासाला लिहीत होती, ऑक्सिजन किती, ठोके किती, लघवी किती मिली. मी काचेबाहेरून तिचा हात बघत बसले होते.

दुधाचं मला वाटलं होतं त्याहून कठीण गेलं. दर दोन तासांना १ मिली, तेही नाकातल्या नळीतून. पहिले दिवस माझं तेवढंही निघेना, तेव्हा दुसऱ्या कुणा आयांनी दिलेलं, पाश्चराइज केलेलं दूध दिलं. आपल्या सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी अशी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. कुणाचं दूध पोरांच्या पोटात गेलं ते मला कधीच कळणार नाही. त्या बायकांना मनातल्या मनात ओटी भरून झालीय.

तू विचारलंस, ‘कुणावर गेलीयत?’ चेहऱ्यावर टेप, तोंडात नळी, डोळ्यांवर पट्टी. काय सांगणार होते? त्याला आधी मेंदूत रक्तस्राव झाला, मग जंतुसंसर्ग. नवव्या दिवशी पहाटे सिस्टरने सगळ्या नळ्या काढल्या, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. त्याचा अख्खा चेहरा मी तेव्हाच पाहिला. नाक बाबांचं होतं.

बारसं झालं नव्हतं. फाईलवर ‘ट्विन टू’ एवढंच आहे. हे आणि भाऊजी त्याला घेऊन गेले. मी वर तिच्यासाठी दूध काढत बसले होते, तिची तीनची वेळ झाली होती.

त्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, ‘शेवटपर्यंत लोकलने जात होतीस ना गं?’ मी फोन ठेवला आणि चार दिवस उचलला नाही. मग आत्या आली. ‘सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही’ हे तिने डॉक्टरांनाही ऐकवलं. ते म्हणाले, मावशी, इथे अठमाशी बाळ म्हणजे पैलवान. आणि बाकावर बसल्या बसल्या तिनेच मला सांगितलं, माझ्याआधी तुझं एक होतं. सातव्यात झालेलं. कापसात गुंडाळून सुपात ठेवलेलं, दोन दिवस. आणि आजी सगळ्यांना सांगत राहिली, हिने विहिरीवरून हंडा आणला म्हणून.

बाबा, गोठ्यामागे केळी लावायला तुम्ही कुणाला खणू का दिलं नाहीत, ते आत्ता कळलं.

आई, मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, लोकलचंही आणि हंड्याचंही. जुळी असली की लवकर येण्याचा धोका मुळातच जास्त. पुष्कळदा कारण सापडतच नाही, पण लोकल किंवा हंडा हे कारण त्यांनी धरलं नाही. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना, केनेडींना, मुलगा झाला तो साडेपाच आठवडेच आधी. माझ्या दोघांपेक्षा कितीतरी मोठा. तो ३९ तास जगला. त्याच्या फुप्फुसांतही तो लेपच कमी होता, आणि तेव्हा तो बाहेरून देता येत नव्हता. जपानच्या फुजिवारांनी तो बाळांना पहिल्यांदा यशस्वीपणे दिला ते १९८० साली. सुपात काय असणार होतं? केनेडींच्या घरी कुणी हंडा उचलला नव्हता, आई.

आता कामाचं. तिला रोज छातीशी कातडीला कातडी लावून धरते, त्यावरून तिला माझ्या अंगाशी कापडाने बांधतात. कधी हे धरतात, आणि त्यांच्याकडे ती जास्त शांत झोपते, याचा मला थोडा राग आहे. डोळ्यांचा पडदा दर आठवड्याला तपासतात, पुढेही न्यावं लागेल. तिचं वय दोन प्रकारे मोजायचं. अडीच महिन्यांची आहे, पण दिलेली तारीख अजून तीन आठवडे लांब. म्हणजे हिशोबाने ती जन्मलेलीच नाही. कुणी ‘अजून मान धरत नाही?’ विचारलं तर घाबरू नकोस.

तुम्ही दोघंच या. काकू, शेजारच्या, भजनी मंडळ नंतर. हात कोपरापर्यंत धुवायचे. काजळ नको, बाळगुटी तर अजिबात नको, रागावलीस तरी नको. जुन्या सुती साडीची दुपटी मात्र आण, चार-पाच. खर्चाचं भेटीत बोलू.

आणि आई, आत्याला आठवलं नाही, म्हणून तुलाच विचारते. तुझा तो मुलगा होता की मुलगी?

तुमची,
बेबी