आगरातलं झाड आणि लालबागची पूड

परळ, मुंबई
रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुमच्या साखरेचा विषय काढला की तुम्ही "बघू, बघू" म्हणत फोन आईकडे देता आणि गाडी आंब्याच्या मोहोराकडे वळते. म्हणून लिहितेय. चष्मा लावून वाचा.

तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात, खाली लिहिलंत, "उपाशीपोटीची ११८!" फोटो बरोबर त्या ओळीखाली कापलेला होता. आईने दुसऱ्या दिवशी अख्खा कागद पाठवला. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.१. आई, तुझं नाव सांगितलं म्हणून रागावू नकोस, तसंही ते ओळखणारच होते. रात्रीची मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, अडीच महिने डबीतच आहे आणि तिच्या जागी सकाळी कोमट पाण्यातून दोन चमचे दालचिनीची पूड चालली आहे, हेही कळलं.

ती पूड मीच पाठवली होती. लालबागच्या मसाला गल्लीतून, दिवाळीआधी, अर्धा किलो. मसाल्यासाठी म्हणून. तेव्हा मी एवढंही विचारलं नव्हतं की ही कुठली दालचिनी.

परवा कामावरून येताना मुद्दाम गेले. डंक चालू होते, मिरचीचा खकाणा उडत होता, डोळे पुसत पुसत विचारलं. दुकानदार सहज म्हणाला, "ताई, ही जाडी साल. सिलोन वेगळी, कितीतरी महाग पडते." जाडी साल म्हणजे कॅशिया. जाड, टणक, एकाच पदराची. सिलोनची साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली, बोटांनी चुरडता येते. चहात फरक चटकन कळत नाही, पण कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि सिलोनमध्ये नावापुरतं. काहींच्या यकृताला ते सोसत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा ठरवली आहे ती वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी त्याचा हिशेब काढला, तर साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण दोन ग्रॅम कॅशिया. तुमचे दोन चमचे त्याच्या दुपटीच्या पुढे जातात, आणि तुमचं वजन तर साठही नाही.

तुम्ही म्हणाल, पण साखर उतरली ना? उतरली असेल. मी लॅबमध्ये रोज हेच आकडे बघते, म्हणून जरा ऐका. (तपासणीच्या आदल्या रात्री भात सोडणारे पेशंट आम्हाला नवीन नाहीत, एवढंच म्हणते.) दालचिनीचं नाव झालं ते २००३ च्या एका अभ्यासाने. पाकिस्तानात मधुमेहाचे साठ रुग्ण घेतले, निम्म्यांना दालचिनी, निम्म्यांना नुसती पिठाची कॅप्सूल. चाळीस दिवसांत दालचिनीवाल्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. तुमच्या व्हॉट्सॲपवर फिरतं ते बहुतेक तिथूनच आलेलं. पण २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचवीस बायका घेऊन साधारण निम्म्यांना रोज दीड ग्रॅम देऊन पाहिलं, तर फरक शून्य. मग २०१२ मध्ये कोक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या लोकांनी दहा चाचण्या, ५७७ माणसं एकत्र मांडली आणि मधुमेहासाठी दालचिनी द्यावी असं म्हणायला पुरावा पुरत नाही, असं लिहिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाने अशाच दहा चाचण्या तपासल्या. उपाशीपोटीची साखर सरासरी चोवीस-पंचवीस अंकांनी कमी, एचबीएवनसीत मात्र धड फरक नाही. तुमचाच रिपोर्ट की, बाबा! ११८ हा त्या एका सकाळचा आकडा. ८.१ मध्ये तीन महिन्यांतले सगळे पेढे आणि न घेतलेल्या सगळ्या गोळ्या आहेत.

दालचिनीत काहीच नाही असं मी म्हणत नाही. तिचा वास ज्याच्यामुळे, ते सिनॅमाल्डिहाइड पेशींवर आणि उंदरांवर पाहिलं तर बरंच काही करतं. पण बशीतल्या पेशी रात्री चोरून पेढे खात नाहीत.

आता काय करायचं ते. पूड बंद. ह्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि गोळी स्वतःहून बंद केली होती हे त्यांना खरं सांगा. आई, तू बरोबर जा, नाहीतर ते "सगळं व्यवस्थित" सांगून परत येतील. कोलेस्टेरॉलची गोळीही चालू आहे, तेव्हा यकृताची, एसजीपीटीची, तपासणी करून घ्यायची का तेही विचारा.

आणि एक. आगरात विहिरीजवळ दापोलीच्या विद्यापीठातून आणलेलं कोकण तेजचं झाड आहे ना? ती सिलोनच्याच जातीची दालचिनी. अंगणात खरी उभी असताना मी तुम्हाला मुंबईहून जाडी साल पाठवत होते! म्हणून आता तिचा काढा सुरू करू नका हं, औषध तीही नाही. मसाल्यात, पुलावात खुशाल घाला. ह्या वेळी साल काढाल तेव्हा वरचं खरबरीत नीट खरवडून, सावलीत वाळवून, मूठभर मलाही पाठवा. जावईबापू विचारत होते.

उरलेली पूड टाकू नकोस आई, तुझा जीव होणार नाही माहीत आहे. वर्षाच्या मसाल्यात थोडी थोडी घाल, चमचा बाबांच्या हाती देऊ नकोस.

तुमची,
मनू