शेवटच्या नळाचं पाणी

आखाजीचा दुसरा दिवस, पहाटे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

निकालाच्या दिवशी तू तीनदा फोन केलास आणि अप्पा गेले त्या दिवशी एकदा. चारही वेळा मी "नंतर बोलतो" म्हणालो, आणि ते नंतर आज उजाडलं. अंगणात खाट टाकून लिहितोय. आत पंखाही गरम वारा फेकतो. तुमच्या सुरतेत निदान समुद्राची झुळूक तरी असेल.

आधी गावाची खबर. 2 डिसेंबरला नगरपालिकेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी म्हणून पोरांनी गुलालाची पोती आणून ठेवली होती, तर मोजणी गेली थेट 21 तारखेवर. मशिनं कुलपात आणि आम्ही एकोणीस दिवस रोज तेच आकडे मांडतोय, या गल्लीत इतकी, त्या वाड्यात तितकी. चार वर्षं गावावर प्रशासक होता. आम्ही सभागृह उघडलं तेव्हा खुर्च्यांवर बोटभर धूळ होती. पहिल्या दिवशी सगळ्या नगरसेवकांनी, बायांनी आणि माणसांनी मिळून ती पुसली. ते दृश्य तू बघायला हवं होतंस.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका पुन्हा सुरू केली आहे. पोलीस भरतीची आणि तलाठ्याच्या परीक्षेची पोरं पहाटेच येऊन बसतात. मुलींसाठी वेगळी खोली केली, रात्री नऊपर्यंत उघडी असते. नालेसफाई या वेळी जूनची वाट न बघता चैत्रातच काढली. 2021 च्या 31 ऑगस्टला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, ते पाहिल्यापासून मला नाल्यात अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी दिसली तरी चैन पडत नाही. मरीमातेच्या बारागाड्या निर्विघ्न ओढल्या गेल्या, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एवढ्या बातम्या पुरे. मला लिहायचंय ते अप्पांबद्दल.

पहिल्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय त्यांच्या श्रद्धांजलीचा होता. ठराव मीच लिहिला. रात्री दोनपर्यंत बसून सहा ओळी झाल्या: "या नगरीचे माजी नगराध्यक्ष, ज्येष्ठ मार्गदर्शक, यांच्या निधनाने शहराची अपरिमित हानी झाली असून..." सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली, इतिवृत्तात नोंद झाली. त्या सहा ओळींत मला अप्पा कुठेच दिसेनात. जे ठरावात मावलं नाही ते तुला लिहितो, कारण तुमची गल्ली त्यात आहे आणि तुझी आईही आहे.

तुमची गल्ली गावाच्या पार टोकाला. टाकीपासून निघालेली लाइन वळणं घेत घेत तुमच्या दारात संपते. आपण शाळेत होतो तेव्हा तुझी आई पहाटे कळशी लावून बसायची आणि नळातून नुसता फुसफुस वारा यायचा, आठवतं? अप्पा 2001 साली निवडून आले. नगराध्यक्ष थेट लोकांमधून निवडायची पद्धत त्याच वर्षी आली होती. जिनिंगमधला काट्यावरचा मुनीम नगराध्यक्ष झाला. खुर्चीत बसल्याच्या तिसऱ्या दिवशी ते एक बादली घेऊन तुमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. पंधरा लिटरची बादली धारेखाली ठेवायची, मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायचे, वहीत लिहायचं. टाकीजवळच्या पहिल्या नळाचं माप आणि तुमच्या शेवटच्या नळाचं माप शेजारी शेजारी. ज्यानं आयुष्यभर कापसाचं वजन केलं, त्यानं पाण्याचंही केलं. त्यांचा रोजचा प्रश्न एकच, आपल्या अहिराणीत: "शेवटला नयले पानी उनं का?" तुझी आई आतूनच सांगायची, "उनं, पण बारीक शे," म्हणजे आलं, पण धार बारीक. ते उत्तरही वहीत जायचं.

खिशात एक छोटी बाटली असायची, ओटी टेस्टची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरायचं. पिवळी छटा आली तर पाण्यात क्लोरीन उरलंय. पांढरं राहिलं तर वाटेत कुठेतरी पाइप फुटून गटार आत शिरत असेल. फिल्टर प्लांटवर पाणी शुद्ध करणं सोपं, ते शेवटच्या घरापर्यंत शुद्ध राहणं अवघड, हे मला त्या नळीतून कळलं. मी तेव्हा पहिल्यांदा निवडून आलेला नगरसेवक होतो, सत्तावीस वर्षांचा आणि विरोधी बाकावरचा.

2003 चा उन्हाळा तुला सुरतेहून आठवणार नाही. आपल्या गावाची सगळी भिस्त गिरणेवर. धरण वर नांदगाव तालुक्यात, 1969 पासूनचं. उन्हाळ्यात पिण्यासाठी आवर्तन सोडतात, ते जामद्याच्या बंधाऱ्यावरून पुढे कोरड्या पात्रातून आपल्या जॅकवेलपर्यंत, पाणी उपसायच्या विहिरीपर्यंत येतं. म्हणजे यायला हवं. वाटेत वाळू तहानलेली, वाळूउपशाचे खड्डे, आणि काठावर रात्रीतून टाकलेल्या मोटारी. त्या वर्षी आवर्तन सुटल्याची खबर आली आणि अप्पा म्हणाले, "चला, पाण्याला आणायला जाऊ." विरोधी पक्षाचा म्हणून मला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं.

आम्ही चौघं रात्री पात्रात उतरलो. बॅटऱ्या होत्या, पण चांदणं होतं म्हणून लावल्या नाहीत. एक-दोनच्या सुमाराला पाणी दिसलं, मित्रा. मी समजत होतो लोंढा येईल. आली ती फक्त बोटभर उंचीची एक ओली कड, पुढे फेस, फेसात काड्या, सुकी पानं, उलटे पडलेले किडे. वाळूत शिरताना तिचा आवाज येत होता, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा. कड पाच-सात पावलं पुढे यायची आणि थांबायची, वाळू तिला पिऊन टाकायची. मागून पाणी आलं की पुन्हा सरकायची. आम्ही तिच्या चालीनं चालत होतो. एका खड्ड्यापाशी ती आत उतरली आणि बाहेर येईचना. तो खड्डा भरायला पाऊण तास लागला. अप्पा काठावर बसून होते. साठी ओलांडलेला माणूस, पायात रबरी चपला. त्यांनी वहीत त्या खड्ड्याची लांबी-रुंदी लिहिली आणि म्हणाले, "एवढं पाणी आपल्या दोन गल्ल्यांचं होतं."

तिथं बसून त्यांनी मला फडाची गोष्ट सांगितली. त्यांचं आजोळ साक्रीकडचं, पांझरेकाठचं. तिथल्या फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांमध्ये विभागलेली, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी कोणते फड भिजवायचे ते सगळे मिळून ठरवतात. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीच्या सुरुवातीचं कामही याच पांझरेच्या पाण्याचं, हे मला त्या रात्री त्यांच्याकडूनच कळलं. अप्पांचे वडील 1936 च्या डिसेंबरात फैजपूरच्या काँग्रेसला पायी गेले होते, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अप्पा म्हणाले, "वडलांनी तिथून काय आणलं विचारलं तर सांगायचे, रांगेत बसून जेवायला शिकलो." मी ऐकत होतो. खरं सांगतो, तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते.

2004 साली अप्पांनी पाणीपट्टी वाढवायचा विषय सभेपुढे ठेवला. पाणीपट्टीतून पंपाचं वीजबिलही निघत नव्हतं, आणि दुसरा पंप व तुमच्या बाजूला वेगळी लाइन टाकायची तर गावाचा हिस्सा कुठून भरणार? घरामागे दिवसाला दोन रुपयेसुद्धा वाढणार नव्हते. मला हे सगळं माहीत होतं. मी नदीत चाललो होतो, तो खड्डा पाहिला होता. तरी मी उठलो आणि तासभर बोललो. गरिबाच्या घोटावर कर लावणारा नगराध्यक्ष म्हणालो मी त्यांना. गॅलरीत माणसं आणून बसवली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. विषय बारगळला. पुढच्या निवडणुकीत अप्पा बाजूला पडले, माझा मात्र गावात आवाज झाला. आज मी नगराध्यक्षाच्या ज्या खुर्चीत आहे तिची पहिली पायरी ते भाषण आहे.

दुसरा पंप आला तो कितीतरी वर्षांनी. तुमच्या गल्लीची वेगळी लाइन अजून नाही. तुझ्या आईनं त्यापुढे किती वर्षं त्या बारीक धारेखाली कळशी धरली, ते तुला मी सांगायला नको.

अप्पांनी मला कधी शब्दानं दुखवलं नाही. भेटले की तोच प्रश्न. निकालाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला गेलो. ते खाटेवर होते, आवाज खोल गेलेला. मागे ढोल, चाळीस-पन्नास कार्यकर्ते, सगळ्यांच्या अंगावर गुलाल. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटला नयले पानी उनं का?" मी म्हणालो, "करतो अप्पा, आता करतो." मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. इतक्या लोकांत ते तोंडातून निघालं नाही. एकट्यानं येऊ, शांतपणे बोलू, असं ठरवलं. पदभार, सत्कार, मुंबईच्या चकरा यात तीन आठवडे गेले आणि पौषात अप्पा गेले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून एक पेटी दिली. आत त्यांच्या वह्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, जिनिंगमध्ये असायच्या तशा. मी आधी ती तारीख शोधली. त्या दिवशी सभेत मी त्यांना गावासमोर काय काय बोललो होतो. पानावर एवढंच होतं: "शेवटचा नळ. 15 लिटरला 3 मिनिटे 10 सेकंद. पिवळा फिकट. व्हॉल्व्ह पाहणे." ते पान मी कितीदा वाचलं, काय सांगू. त्या सभेतून ते सरळ तुमच्या गल्लीत गेले होते.

काल अप्पांची पहिली आखाजी. काकूंचा निरोप आला, घागर भरायला ये. त्यांचा मुलगा होता, सुना-नातवंडं होती, माहेरी आलेल्या लेकी होत्या, बाहेर लिंबाला झोके बांधलेले. तरी त्या म्हणाल्या, पाणी तू आण. नवी मातीची घागर मी त्यांच्या अंगणातल्या नळावर धरली. मातीनं पहिलं पाणी पिऊन घेतलं आणि घागर बाहेरून काळपट झाली. वर लोटा ठेवला, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. काकूंनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तुझ्यावर राग नव्हता बरं त्यांचा." मला बोलता आलं नाही. बायका खापरावरचे मांडे करत होत्या, त्या धुराचं निमित्त करून मी डोळे पुसले.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पाणीपट्टीचा विषय आहे, मीच ठेवलाय. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावं असं मानक आहे, आणि आपल्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो. लोक चार दिवसांचं पाणी ड्रमात साठवतात, त्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि मग आपण कोरडा दिवस पाळा, साठवणीची भांडी रिकामी करा म्हणून रिक्षा फिरवतो. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची, त्या फुगवायच्या रबरी बंधाऱ्यांची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. ते होतील तेव्हा होतील. तोवर तुमच्या टोकाची लाइन, व्हॉल्व्ह आणि मोटारी लावून पाणी खेचणाऱ्यांवर कारवाई, एवढं आपल्या हातात आहे आणि त्याला पैसे लागतात. माझ्याच पॅनेलमधले म्हणतात, पहिल्याच वर्षी हा विषय कशाला? त्यांचंही चूक नाही, त्यांना गल्लीत तोंड दाखवायचंय.

मी असं ठरवलंय: 2004 च्या इतिवृत्तातलं माझं भाषण काढून आणलंय, ते सभेत वाचून दाखवायचं. मग अप्पांच्या वहीतलं त्याच दिवसाचं पान वाचायचं. आणि सांगायचं की अप्पा बरोबर होते, मी चूक होतो, आणि मला तेव्हाही ते कळत होतं. विषय मंजूर होईल की नाही, ठाऊक नाही. तू त्या दिवशी यावंस असं फार वाटतं. गॅलरीत बस. तुझ्या आईला आणता आलं तर बघ, प्रवास झेपत असेल तरच. भुसावळची रात्रीची गाडी धरलीस तर मी स्टेशनवर घ्यायला येईन. घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा तयार असेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईच्या पायांवर माझं डोकं ठेव.

तुझाच

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या गल्लीत जाऊन आलो. आज तिकडची पाळी होती. तुमचं घर बंद, दाराला कुलूप, पण ओट्यावरचा नळ चालू आहे. व्हॉल्व्हमन बरोबर होता. पाच चाळीसला पाणी आलं. पंधरा लिटरला 2 मिनिटे 25 सेकंद. ओटीचे थेंब टाकले, नळी उजेडाकडे धरली. पिवळा, फिकट. अप्पांच्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय.